कुंपणावरची कळलावी

रणजीतने डब्यातला कंद उचलला, पण खाल्ला नाही.

खरं तर तिथेच प्रीतमला काहीतरी कळायला हवं होतं. रणजीत म्हणजे चाकणच्या त्या अख्ख्या प्लांटमधला सगळ्यात खादाड माणूस. कुणाचाही डबा उघडला की पहिला हात त्याचा. आणि आज कँटीनमध्ये तो कंद बोटांत धरून नुसता फिरवत बसला होता.

"काय आणलंस भावा हे?"

"करांदे. आमच्या कोकणातला मेवा. जरा कडू लागतील, पण खाऊन तर बघ."

आईने डब्यात मुद्दाम एक अख्खा कंद ठेवला होता. दोन फाट्यांचा, खेळण्यातल्या नांगरासारखा. मित्रांना दाखव म्हणाली होती. रणजीत त्याच्याच फाट्यावरून अंगठा फिरवत होता.

"कुठं मिळालं?"

"घराजवळच. गॅसच्या पाइपसाठी जेसीबीने कुंपणाकडेला चर खणला ना, त्यात निघाले."

"वर वेल होता?"

"वाळलेला होता."

"पावसाळ्यात त्याला फुलं कसली होती?"

प्रीतम अजून हसतच होता. "लाल-पिवळी रे. पाकळ्या अशा वर वळलेल्या, नखांसारख्या. आमच्याकडे त्याला गौरीचे..."

पुढचा शब्द तोंडातून निघालाच नाही. गौरीचे हात. त्या कुंपणावर तोच वेल होता. जूनपासून रोज येता-जाता बघितलेला. काल चरात हात घालताना डोक्यात आलंच नाही, कारण काल वर फूल नव्हतं. नुसती काडी होती.

रणजीतने कंद डब्यात ठेवला. उठला, बेसिनवर गेला आणि साबण लावून दोन वेळा हात धुतले. परत आला तेव्हा त्याचा आवाज खाली गेला होता.

"किती खाल्लास?"

"अर्धा. सकाळी बसमध्ये."

"आणि घरी?"

घरी करिष्मा होती. त्याची बायको. तिला सातवा महिना लागलेला.

आता हे करांदे काय असतात ते सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, कुणी असं रस्त्यातलं उचलून खातं का. कोकणात करांद्याचा वेल असतो. वर वेलीला कंद लागतात, खाली मातीतही सापडतात. त्यातले काही कडू जहर. पण आमची माणसं सोडत नाहीत. चुलीतली राख घालून उकडायचे, पाणी फेकायचं, परत उकडायचे. तरी जिभेवर थोडा कडवटपणा राहतो. तो राहायलाच हवा, नाहीतर करांदा खाल्ल्यासारखं वाटत नाही. म्हणजे बघा, कडू लागलं तर दुसरा माणूस थुंकेल. कोकणातला म्हणेल, व्वा.

प्रीतम गुहागरकडचा. पाच वर्षं झाली चिखलीत खोली घेऊन. करिष्माचं बाळंतपण इथेच करायचं ठरलं म्हणून आई, सुमनताई, गणपतीच्या आधीच येऊन राहिली होती. काल फर्स्ट शिफ्ट करून प्रीतम घरी आला, आणि चराच्या मातीत त्याला ते कंद दिसले. दिवाळी आठवड्यावर आलेली. हाच करांद्याचा सीझन. गडी बूट काढून चरात उतरला. सहा-सात कंद शर्टात बांधून घरात आणले तेव्हा आईचा चेहरा असा फुलला की विचारू नका.

"करांदे! हयसर, पुण्यात?" आई म्हणाली. "जरा बारीक हायत. पण पुण्याच्या मातीत एवढा आला हाच मोठा झाला."

राख मिळेना म्हणून समोरच्या इस्त्रीवाल्याकडून कोळशाची आणली होती. एवढी हौस.

"माझी आजी सुईण होती," रणजीत सांगायला लागला. तो खेड तालुक्यातला, डोंगराकडच्या गावचा. "आमच्यात ह्याला कळलावी म्हणतात. बाई अडली, मूल होत नसलं, तर आजी हे मूळ उगाळून तिच्या तळपायाला लावायची. खायला नाय, नुसतं लावायला. आणि एक जण ओलं फडकं घेऊन पायाशीच बसायचं. पोर बाहेर आलं की त्याच सेकंदाला पुसायचं. आजी म्हणायची, उशीर झाला तर पोरामागं सगळं आतलं बाहेर ओढून आणती ही."

"आणि खाल्लं तर?"

रणजीत त्याच्याकडे न बघता डब्याचं झाकण लावत बसला.

"बोल ना राव."

"गावात एका बाईनं खाल्लं होतं. रागाच्या भरात. सकाळी खाल्लं आणि दुपारपर्यंत हसत-बोलत भांडी घासत होती."

"मग?"

"मग नाय."

प्रीतमने स्वतःच्या पोटावर हात ठेवला. काहीच होत नव्हतं. साडेअकरा वाजले होते, सकाळी सव्वासहाला खाल्लं होतं, आणि पोट अगदी शांत. त्या शांतपणाचीच त्याला जास्त भीती वाटली.

त्या प्लांटमध्ये मोबाइल आत न्यायचा नाही असा नियम. गेटवर छोटे छोटे कप्पे आहेत, सकाळी फोन आत टाकायचा, टोकन घ्यायचं, सुटताना टोकन द्यायचं. कँटीनपासून गेटपर्यंत सात-आठ मिनिटं. प्रीतम धावत सुटला. मागून सुपरवायझर शेखर सर ओरडले, "अरे लाइन कोण बघणार?" रणजीत पळता पळताच म्हणाला, "सर, ह्याची बायको!" सरांनी पुढे काही विचारलं नाही. दोघांच्या गेटपासवर तिथेच भिंतीला टेकवून सही केली.

फोन सुरू झाला. करिष्माचा एक मेसेज होता. सकाळी आठ वाजून दहा मिनिटांचा. फोटो होता. स्टीलची ताटली, त्यात तीन करांदे, बाजूला मीठ. खाली लिहिलं होतं, "तुमचे करांदे खातेय. बाळ खूश."

त्याने फोन लावला. रिंग गेली, गेली, आणि आपोआप बंद झाली. परत लावला. परत तेच. आईकडे फोन नाही.

"शेजारी कोण?" रणजीतने विचारलं.

"शालनमावशी. घरमालकीण. पण ती..."

"पण काय?"

पण ती दीड महिना त्यांच्या दारात आली नव्हती. आणि त्याचं कारणही हाच वेल होता.

शालनबाई म्हणजे चिखलीतलं जुनं शेतकरी घर. शेतावर आता खोल्या उभ्या आहेत, पण कुंपणावरची कळलावी तिच्या सासूने लावलेली. ती असली की साप हद्द ओलांडत नाही, असं तिचं म्हणणं. गौरी आणायच्या दिवशी सुमनताईंनी त्याच वेलाची पाच फुलं तोडली. कोकणात तेरड्याची गौर करतात आणि तिला हात म्हणून ही फुलं बांधतात. खरंच बोटांसारखी दिसतात ती, मेंदी लावलेल्या. फुलं घेऊन आई दारापाशी आली, तर शालनबाई आडवी उभी.

"सुमनताई, ते आत नगा नेऊ. आमी ते उंबऱ्याच्या आत आणत न्हाई. घरात कलागत लागती. आन तुमच्या घरात तर पोटुशी बाई हाय."

"आमच्याकडे ह्याच्याशिवाय गवर उभी राहत नाही," आई म्हणाली. "देवीचे हात आहेत ते."

"हात बाहेर ऱ्हाऊ द्या म्हंते मी."

"शालनबाई, खोली तुमची, उंबरा आमचा. जरा बाजूला व्हा. आणि एवढी भीती वाटते तर परत चढू नका माझ्या उंबऱ्यावर."

"व्हय? न्हाई चढत. बोलवाया आलीस तरी न्हाई चढायची."

झालं. फूल घरात आलं आणि कलागत लागली. चाळीत सगळ्यांनी तेच म्हटलं. तेव्हापासून दोघी अंगणात समोरासमोर कपडे वाळत घालायच्या, पण एकमेकींकडे बघायच्या नाहीत. काल प्रीतम चरातले कंद शर्टात भरत होता तेव्हा शालनबाई तिच्या ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिने वर बघितलं होतं. त्याला आता ते आठवलं. तिने बघितलं, तोंड उघडलं, आणि मग परत सुपात मान घातली.

त्याने तिला फोन लावला.

"कोन?"

"मावशी, मी प्रीतम. मावशी, काल मी ते कंद नेले ना, कुंपणाखालचे..."

"बगितलं मी. तुझ्या आईला अवशिदाला पायजे असतील. तुमाला लय म्हाईत असतंय त्यातलं."

"औषधाला नाही मावशी. खायला. आम्हाला करांदे वाटले. करिष्माने खाल्लेत."

पलीकडे सूप खाली पडल्याचा आवाज आला.

"मावशी, ती फोन उचलत नाही. तुम्ही जा ना. पाया पडतो. आई काय बोलली असेल ते..."

फोन शालनबाईने तसाच हातात ठेवला असणार, कारण प्रीतमला चपलांचा आवाज ऐकू यायला लागला. फटक, फटक, फटक. अंगणातल्या फरशीवरून. मग दारावर थापा.

"करिष्मा! ये पोरी! दार उघड!"

थापा. परत थापा.

"आतून आवाज येतोय का मावशी?"

"न्हाई रं. नळ चालू हाय कुटं तरी."

रणजीतने तेवढ्यात स्वतःच्या फोनवरून करिष्माचा नंबर लावला. आणि प्रीतमने ते ऐकलं. मावशीच्या फोनमधून, बंद दाराच्या पलीकडून, करिष्माच्या मोबाइलची रिंगटोन. वाजत होती. कुणी उचलत नव्हतं. नळ चालूच होता.

"मावशी, लॅच आहे, तुमच्याकडे दुसरी किल्ली..."

"हाय हाय, थांब."

चपला परत गेल्या. किती वेळ, देव जाणे. परत आल्या. किल्ली फिरली. मग शालनबाईचा आवाज आला, फक्त दोन शब्द.

"अगं बाई!"

आणि फोन कट झाला.

रणजीतची बाइक. नाशिक हायवे. ज्याने तो रस्ता दुपारी पाहिलाय त्याला सांगायला नको. कंटेनरला कंटेनर लागलेले, मधल्या फटीतून रिक्षा. कुरुळीपाशी सगळं ठप्प. रणजीतने गाडी उलट्या बाजूने घातली, शिव्या खाल्ल्या, दिल्या, परत आत घेतली. प्रीतम मागे बसून एका हाताने फोन लावत होता. दुसऱ्या हातात तो डबा. का घेतला होता त्यालाही माहीत नाही.

मोशीच्या अलीकडे, इंद्रायणीचा पूल दिसायला लागला आणि पोटात पहिली कळ आली.

साधी कळ नव्हती ती. आत कुणीतरी मूठ आवळली आणि पिळली. "थांब," एवढंच तो म्हणाला. डिव्हायडरच्या कडेला गुलाबी कण्हेर फुललेली होती, तिच्यात वाकून तो ओकला. सकाळचा चहा, पोहे, सगळं. मग नुसतं पाणी.

"भावा, हीपण विषारीच असती बरं का," रणजीत म्हणाला. त्याला विनोद करायचा होता, पण हसू कुणालाच आलं नाही. प्रीतम गुडघ्यावर हात टेकून उभा होता आणि त्याच्या डोक्यात एकच हिशेब चालू होता. मी अर्धा खाल्ला, मी पुरुष आहे, ऐंशी किलोचा आहे. तिने ताटलीभर खाल्ले. आणि तिच्या पोटात आणखी एक जण आहे.

तेवढ्यात फोन वाजला.

"दोगींना रिक्षात घातलंय," शालनबाई धापा टाकत होती. "दवाखान्यात चाललोय. कंद ऱ्हायला आसंल तर घिऊन ये, डाक्टरला दाखवाया लागंल."

"करिष्मा कशी आहे?"

"बसलीया."

"बोलते का? द्या तिला."

"बोलत न्हाई रं. नुसती रडतीया. तू ये."

दवाखान्यातल्या डॉक्टर बाई त्याच्याच वयाच्या होत्या. त्यांनी डब्यातला दोन फाट्यांचा कंद हातमोजे घालून बाहेर काढला, फोटो काढला, कुणाला तरी पाठवला, पाच मिनिटं फोनवर बोलल्या. परत आल्या आणि सरळच सांगितलं.

"याला उतारा नाही. सलाइन, रक्त तपासत राहणं, लक्ष ठेवणं. पहिले तीन दिवस धोक्याचे. कुणी किती खाल्लं, मला खरं सांगा."

आई स्ट्रेचरवर होती. ओकून ओकून डोळे आत गेलेले. करिष्मा बाकावर बसली होती, पोटावर दोन्ही हात. आई बाथरूममध्ये पडली होती, करिष्मा तिला धरून बसलेली, नळ चालू, म्हणून दार कुणी उघडलं नव्हतं, फोन कुणी उचलला नव्हता. हे त्याला नंतर कळलं. तेव्हा तो फक्त करिष्माच्या समोर उकिडवा बसला.

"किती खाल्लेस?"

ती त्याच्याकडे बघेना.

"करिष्मा, किती?"

"नाही खाल्ले." एवढ्या बारीक आवाजात की त्याला ओठांवरून कळलं. "चावला एक. फार कडू होता. थुंकला मी. तुम्ही चिखलात उतरून आणलेले, आईंनी एवढी राख आणून... नको कसं म्हणू? म्हणून फोटो काढून पाठवला. मग ताटली तशीच ओट्यावर ठेवली. आईंनी नंतर खाल्ले. म्हणाल्या, टाकायचे कशाला."

"गिळलंस का त्यातलं?"

"थोडं गेलं असेल. नाही... माहीत नाही मला. खरंच माहीत नाही हो."

डॉक्टर बाईंनी तिला आत नेलं, पोटाला मशीन लावलं. बाळाचे ठोके ऐकू आले. कंपनीतल्या छोट्या प्रेस मशीनसारखे, एकही ठोका न चुकवणारे. "आत्ता ठीक आहेत," बाई म्हणाल्या. 'आत्ता' हा शब्द प्रीतमने बरोबर पकडला.

तिघांनाही ठेवून घेतलं. रात्री प्रीतमने विचारलं, "डॉक्टर, तिच्या अंगात गेलंय की नाही, ते नक्की कसं कळणार?"

"रक्तात फरक दिसेल. नाही दिसला तरी..." त्यांनी त्याचं सलाइन तपासलं. "हे विष ज्याच्या शरीरात भिनतं ना, त्याचे केस जातात. दहा-बारा दिवसांनी. तोपर्यंत थोडी वाट बघावी लागेल."

दिवाळी आली तेव्हा आई अजून आयसीयूत होती. प्रीतम चौथ्या दिवशी सुटला, करिष्मा त्याच्याबरोबर. आई नवव्या दिवशी घरी आली, अंथरुणाला चिकटलेली. आणि शालनबाई? ती आता उंबरा चढत होती की नव्हती, हे कुणी मोजलंच नाही. सकाळी पेज घेऊन यायची, दुपारी भांडी घासून जायची.

"मी काल बगितलं हुतं त्याला कंद नेताना," एकदा ती आईजवळ बसून बोलली. 'काल' म्हणाली, जसं काही त्याच्यानंतर दिवस गेलेच नव्हते. "तोंडावर आलं हुतं माज्या. पर म्हनलं, मला काय करायचंय. तिचा उंबरा तिला लखलाभ."

आई छताच्या पत्र्याकडे बघत म्हणाली, "आमच्याकडे त्याच्या मुळाला हात लावत नाहीत. फूल खुडायचं, पाया पडायचं, मागे न बघता यायचं. आई सांगायची, आजी सांगायची. म्हणून आम्ही कुणी मूळ कधी बघितलंच नाही, शालनबाई. साठ वर्षं फूल बांधलं, खाली काय आहे ते ठाऊक नाही."

"मग असाच होणार," असं काहीतरी आई पुढे पुटपुटली आणि झोपून गेली.

अकराव्या दिवशी कंपनीत प्रीतमने हेल्मेट काढलं आणि आत केसांचा पुंजका होता. हात फिरवला, हातात आणखी आले. दुखत वगैरे काही नाही. नुसते सुटून येत होते. त्याच संध्याकाळी शालनबाई आईला तेल लावत होती, आणि आईचा पांढरा अंबाडा तसाच्या तसा तिच्या मुठीत आला. शालनबाई ओरडली नाही. तिने तो पदराखाली घेतला, आईला दिसू दिला नाही, आणि तेल लावतच राहिली.

आणि तेव्हापासून प्रीतमला झोप नाही.

सकाळी करिष्मा उठायच्या आधी तो तिची उशी बघायचा. अलगद, बोटांनी चाचपून. मग न्हाणीघराची जाळी. मग फणी. रक्ताचे रिपोर्ट नीट होते, ठोके नीट होते, डॉक्टर बाई हसून बोलत होत्या. पण त्याच्या पोटातपण त्या दिवशी सव्वापाच तास काही होत नव्हतं ना? त्याला आता कशाच्याही शांतपणावर विश्वास राहिला नव्हता. करिष्मा हसली की त्याला ती भांडी घासणारी बाई आठवायची.

तेरावा दिवस. उशी साफ. चौदावा, साफ.

पंधराव्या दिवशी फणीत केस होते.

लांब, काळे. पाच-सहा नाही, चांगला गुंता. प्रीतम आरशासमोर फणी धरून उभा राहिला. स्वतःचं टक्कल पडलेलं डोकं समोर, हातात ते केस. तो पलंगाच्या काठावर बसला. करिष्मा स्वयंपाकघरातून हात पुसत आली, आणि तिने फणी बघितली.

"अहो, हे रोज पडतात. प्रत्येक बाईचे पडतात. रोज मी काढून टाकते, आज राहिले."

तो फणीतला गुंता बोटांनी सोडवत राहिला.

"ऐकताय का?"

"डॉक्टर म्हणाल्या होत्या, दहा-बारा..."

करिष्माने वेणी खांद्यावरून पुढे घेतली आणि त्याच्या हातात दिली. "ओढा."

"नको."

"ओढा म्हणते ना. रोज सकाळी मी झोपलेय असं समजून उशी चाचपता. मला पण झोप लागत नाही त्याने. ओढा एकदा काय ते."

वेणी हातात होती. जाड, जड, खोबरेल तेलाच्या वासाची. त्याच्या बोटांना आठवत होतं केस कसे सुटतात, कसे काही न दुखता हातात येतात. दारात शालनबाई पेजेचं पातेलं घेऊन उभी राहिली होती. आतल्या खोलीत आईने कूस बदलली.

"ओढ रं लेका," शालनबाई म्हणाली.

त्याने डोळे मिटले आणि ओढली. हळू नाही. जोरात, सगळी ताकद लावून, पंधरा दिवसांची.

"आई गं!" करिष्मा किंचाळली. "अहो, जीव घेता का!"

वेणी त्याच्या मुठीत होती आणि वेणीच्या दुसऱ्या टोकाला ती होती, डोक्याला हात लावून शिव्या देत. एकही केस सुटला नव्हता.

त्याने मूठ सोडली नाही. किती तरी वेळ सोडली नाही.